भाई न्हायला गेलेत

जर्मनचा पेला. कडेला पोचा. ओट्याच्या भिंतीत कोनाडा, कोनाड्यात उपडा.

सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळे बसू नयेत म्हणून काठीला मेलेला कावळा टांगतात. बाकीचे कावळे लांबून बघतात आणि ओरडत राहतात.

"उलटं नको ठेवू रे. बाण वर. बाण वर."

हाताला लागलेला चीक साबणाने जात नाही. आधी खोबरेल, मग राख, मग साबण. तरी नखांच्या कडा काळ्या राहतात.

"हिंदी घेऊन बी.ए. केलंत, मॅडम. घरात कोण बोलतं हिंदी?"

बाकाचा एक पाय आखूड. त्याखाली कौलाचा तुकडा.

"भाई न्हायला गेलेत. बसा."

चहा आला तेव्हा जयमाला गोणपाटावर बसलेली होती, पदर खोचून, पुढ्यात चिकूंचा ढीग. मोठे डावीकडे, मधले उजवीकडे, बारके मागच्या टोपलीत, फुटका सापडला की गाईसाठी बाजूला. जमनाबेन, म्हणजे ह्या वाडीचे मालक चिमणभाई यांची बायको, आतून किटली आणि ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये कपबशी एकच होती. ती तिने बाकावर बसलेल्या रूपेशला दिली. मग कोनाड्यातला जर्मनचा पेला उचलला, त्यात पाण्याचा हबका मारला, चहा ओतला आणि जयमालाच्या गुडघ्याशी ठेवला. तसाच दुसरा, पलीकडे चिकू पुसत बसलेल्या काळी नावाच्या मजूरणीपुढे. मुद्दाम असं काही नव्हतं. दिल्लीला थंडी किती पडली आहे आणि तिकडे माल कसा उठत नाही हे ती बोलत होती, आणि पेला ठेवताना तिचं वाक्यसुद्धा तुटलं नाही. जयमाला पेल्याकडे बघत राहिली. जूनमध्ये ती ह्या ओट्यावर पहिल्यांदा आली तेव्हा कपाला सोनेरी कड होती आणि बशीत दोन बिस्किटं होती. नंतर बिस्किटं गेली. मग कड गेली. मग कधीतरी बशी गळाली, आणि ते तिने बघितलं नव्हतं. आत्ता, पेल्यातून वाफ निघत असताना, सगळं एकदम ओळीने दिसलं. तसंच "या मॅडम" होतं. त्याचं "या बेन" झालं, मग "आलीस?" आणि गेल्या खेपेला जमनाबेनने नुसती मान हलवून ढिगाकडे बोट केलं होतं. माणसाला असं पायरी पायरीने खाली आणतात आणि तो आपला समजतो की ओळख वाढते आहे.

आली कशाला होती ती? विचारायला. तलासरीच्या शाळेत हिंदीच्या शिक्षकाची एक जागा होती, संस्था चिमणभाईंची होती, मुलाखत जूनमध्ये हेडमास्तरांच्या खोलीत झाली होती. टेबलापलीकडे तिघे होते. त्यांतला एक झोपला होता, एक तिच्या कानांतल्या कुड्यांकडे बघत होता आणि तिसरा घरात हिंदी कोण बोलतं ते विचारत होता. बाहेर निघाल्यावर हेडमास्तर व्हरांड्यात हळूच म्हणाले, "आमच्या हातात काय आहे? भाईंना भेटत राहा. नरपडला, वाडीवर. भेटत राहावं लागतं, नाहीतर भाई विसरतात." म्हणून ती भेटत राहिली. डहाणूहून बोर्डीची एस.टी., नरपडच्या थांब्यावर उतरायचं, बोंबलांच्या वासातून आणि सुरूच्या सावलीतून चालत यायचं, फाटकाची कडी हात घालून आतून काढायची. भाई न्हायला गेलेत. भाई पूजेत आहेत. भाई आत्ताच जेवून आडवे झालेत. एवढा न्हाणारा माणूस जयमालाने जन्मात पाहिला नव्हता. एवढं पाणी चिकूला घातलं असतं तर दोन बहर जास्त आले असते. कधी भेटलेच तर ते म्हणत, "ग्रांट वर अटकली आहे, बेन. सुटली की पहिली ऑर्डर निघेल." पहिली कुणाची, ते म्हणत नसत.

तिचे वडील, अण्णा, डहाणू रोडला पार्सल ऑफिसात क्लार्क होते. चिकूची खोकी उलटी लावणाऱ्या हमालांवर ओरडण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि झोपेतही ते बाण वर ठेवायला सांगत. मुलाखतीचं कळल्यावर ते खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाले होते, "चिमणभाई? अगं, माझ्या हातून त्यांचा किती माल दिल्लीला गेला. एक खोकं फुटू दिलं नाही मी. माझं नाव सांग नुसतं." तिने सांगितलं होतं. चिमणभाईंनी डोळे बारीक केले होते. "पार्सलवाले? हां हां. ते जाडे ने?" अण्णा काडीसारखे होते. घरी येऊन ती म्हणाली, ओळखतात तुम्हाला, नमस्कार सांगितलाय. अण्णांनी तो नमस्कार जेवताना दोनदा काढला, आणि दोन्ही वेळा जयमालाला त्यांच्या ताटातली वाटी भिंतीवर भिरकावावीशी वाटली. डिसेंबरअखेर अण्णा रिटायर होणार होते. रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. मग सगळ्यांनी वापीला, भाऊ ललितच्या दोन खोल्यांत. ललित रंगाच्या कारखान्यात होता; पूर्वी, म्हणजे त्याची बायको, दुसऱ्यांदा पोटुशी होती. गणपतीत आला होता तेव्हा आंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "जयूचं काय टेन्शन घेता? तिकडे पूर्वीला मदतच होईल." मदत. जयमालाला त्या शब्दाचा वास आला होता, ओल्या दुपट्यांचा, उतू गेलेल्या दुधाचा. लग्नाचं आता कुणी काढत नव्हतं; तिशी आली होती आणि घरातल्यांनी ते एकमताने, न बोलता, गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. नोकरी लागली तर तलासरीत किंवा डहाणूत एक खोली. दाराला आतून कडी. नाहीतर वहिनीच्या स्वयंपाकघरात, मोरीच्या तोंडाशी अंथरूण. मधलं काही नव्हतं.

काळी पेला दोन्ही हातांत धरून फुरके मारत होती. मारता मारता तिने जयमालाच्या पेल्याकडे बघितलं, मग जयमालाकडे, आणि हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, त्यामुळे ते जास्त लागलं.

"बाय, तू आता आमच्यातली झाली. सेठकडं रोजाचे पैसे मागून घे."

"मी कामाला येत नाही," जयमाला म्हणाली.

"मंग हे काय करते? पूजा?"

बाकावर रूपेश बशीत चहा ओतत होता. तो हसला नाही, पण बशी जरा हलली आणि चहाचा एक थेंब त्याच्या विजारीवर पडला. तो थेंब पडला याचा जयमालाला आनंद झाला. ह्या माणसाचा तिला जितका राग होता तितका तिने कुणाचाच केला नव्हता, आणि त्याने तिचं काही बिघडवलं नव्हतं. तो वेवजीचा, आदिवासी पाड्यावरचा. मुलाखतीला तिच्या आधीचा नंबर त्याचा होता. त्याच एका जागेसाठी तोही इथे येत होता, तलासरीहून डहाणू, डहाणूहून नरपड, दोन बस बदलून, आणि तरी त्याच्या बुटांना पॉलिश असायचं. बाकावर रुमाल पसरून त्यावर बसायचा. हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखा. त्यांना काय, त्यांना लागेलच कुठेतरी, असं ती आईला म्हणायची, आणि आईही "हो ना" म्हणायची. तो बी.ए.ला पहिल्या वर्गात आला होता हे तिने हेडमास्तरांच्या टेबलावर उलटं वाचलं होतं, आणि ते तर ती त्याला कधीच माफ करणार नव्हती. आणि आता कपबशी त्याला. पेला मला. हे वाक्य तिच्या डोक्यात जसं उमटलं तसंच तिने राहू दिलं. पेला खरं तर कुणाला मिळायला हवा होता, हेही त्या वाक्याच्या पोटात होतं. तिने तेही राहू दिलं.

किटली. किटलीचंच तिला आठवत राहिलं. जमनाबेनने पेल्यात चहा ओतताना किटली वर धरली होती, हातभर वर, धार बारीक, तोटी पेल्याला लागू नये अशी. हे मनगट जयमालाच्या ओळखीचं होतं. क्वार्टरमध्ये न्हाणीच्या खिडकीत एक कान तुटलेला कप असायचा. संडास धुवायला येणाऱ्या बाईचा. ती मागच्या दाराशी उकिडवी बसून तो पुढे करायची, आणि आई जयमालाला सांगायची, वरून ओत गं, लागू देऊ नकोस. शाळेचा फ्रॉक, दोन वेण्या, हातात चहाचं पातेलं. धार मोडू न देता, बाहेर एक थेंब न सांडता वरून ओतण्यात ती इतकी तरबेज झाली होती की ती बाई कौतुकाने म्हणायची, "पोरीचा हात लई थिर हाय." शाबासकीच वाटायची ती. आई आत हसायची. त्या बाईचं नाव काय होतं? आठवेना. नाव कुणी घेतलंच नव्हतं, तर आठवणार काय. तो कप अजून खिडकीत आहे. आज सकाळी दात घासताना जयमालाने त्यात आपला ब्रश... छे. त्यात नव्हता ठेवला. त्याच्या शेजारी ठेवला होता, लागू न देता.

आणि आईच. सगळ्याचं मूळ आई. दुसऱ्या खेपेला निघताना आई दाराशी म्हणाली होती, "कुणाच्या ओट्यावर रिकाम्या हातांनी बसून राहू नये गं. चार कामं दिसली की आपण होऊन हात लावावा. माणसं लक्षात ठेवतात." सरकारी पगारावर जगलेल्या घरातली ही पुंजी: नीट बोलावं, वाकून बसावं, हात लावावा. पावसाची झड होती, काळी आली नव्हती, जमनाबेन एकटीच धापा टाकत चिकू निवडत होती, आणि जयमाला बाकावरून उठली होती. "मी लावू का हात?" जमनाबेनने वर बघितलं होतं. त्या बघण्यात आश्चर्य होतं आणि लगेच नंतर दुसरं काहीतरी, बाजारात भाव अचानक उतरलेला कळल्यावर येतं तसं. "लाव ने," ती म्हणाली होती, आणि सरकून जागा केली होती. गोणपाटावर. त्यानंतर बाक रिकामा असला तरी जयमाला तिथे बसली नव्हती. अवघडल्यासारखं होई. खाली इतका माल पडलेला, आणि आपण वर.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं खाली बसायला?"

रूपेशने हे इतक्या हळू विचारलं की आधी ते आपल्याच मनातलं वाटलं. जमनाबेन आत गेली होती. तो समोर चिकूच्या झाडांकडे बघत होता.

"सांगायला कशाला पाहिजे," जयमाला म्हणाली. "माणुसकी असते."

"असेल. माझी आई लग्नाआधी ह्याच ओट्यावर चिकू पुसायला होती. तिला विचारतो, तेव्हा माणुसकी कुणाची होती म्हणून."

"मग तुम्ही लावा ना हात. घरचंच काम."

ती बोलून गेली. काळीचा पुसणारा फडका थांबला. रूपेशने कप बशीत ठेवला, कान आपल्याकडे येईल असा फिरवला.

"आमच्यातला पहिला माणूस ह्या बाकावर बसलाय, मॅडम. एक चिकू उचलला ना, की हे लोक मला नुसत्या नावाने हाक मारतील. म्हणून मी उठत नाही."

"मास्तर, लघवीला तरी उठशील का नाय?" काळी म्हणाली आणि स्वतःच तोंडावर फडका धरून हसायला लागली. रूपेशही हसला, पहिल्यांदाच, दात दिसतील असा. ते दोघे हसत होते आणि जयमाला मध्ये बसली होती, दोन्ही हात चिकाने काळे. त्याला माहीत होतं. जूनपासून तो वरून बघत होता की ही बाई आपल्या पायांनी खाली गेली, आणि बोलला नव्हता. बोलेल कशाला? एक उमेदवार कमी. त्याच्या जागी ती असती तर तीही बोलली नसती. हे कळलं म्हणून राग कमी झाला असं काही नाही. उलट त्याला धरायला एक मूठ मिळाली. तो हुशार आहे म्हणून राग, त्याने बघितलं म्हणून राग, काळी हसते म्हणून, चहा निवत चाललाय म्हणून, आणि आपल्याला त्या चहाची तलफ आली आहे म्हणून. तोंड कोरडं पडलं होतं. पेल्यावर साय धरली होती. सायीला एक मुंगी चिकटून पाय हलवत होती.

मग भाई खरोखरच न्हाऊन आले. गंजीफ्रॉक, ओले केस, कपाळाला गंध, काखेत पावडर. रूपेश उभा राहिला, रुमालावरून. जयमालाही उठायला गेली, पण मांड्या अवघडल्या होत्या आणि पदर चिकूंच्या ढिगाखाली अडकला होता, तेव्हा ती अर्धी उठून तशीच राहिली. भाईंनी रूपेशकडे बघून मान हलवली. "बस, बस. ग्रांटचं बघतो मी." मग ते ढिगाशी आले, वाकले, डावीकडच्या मोठ्या चिकूंतला एक उचलून तळहातावर फिरवला.

"जमना सांगत होती, हात सरस आहे तुझा. नख लागत नाही मालाला."

"भाई, शाळेच्या ऑर्डरचं विचारायचं होतं."

"शाळा आहे ने तिथे. पळून जाते काय?" चिकू त्यांनी परत ठेवला, बरोबर डावीकडे. "हे बघ. दिल्लीवाला ओरडतो, मोठ्या मालात बारका येतो. ह्या बायांवर बघायला कोणी नाही. जमनाची कंबर गेली. लिहितावाचता येणारी बाई पाहिजे, खोक्यांवर नंबर टाकायला, स्टेशनवर पार्सलमध्ये बोलायला. तुझे वडील तिथेच ने? जाडे? मग बसून जा ना. पगार देईन. पंपाच्या बाजूला खोली आहे, पत्रा नवा घातला आहे. शाळेचं झालं की झालं."

खोली. जयमालाला ऐकू आलं ते एवढंच. नवा पत्रा, पंपाचा आवाज, दाराला आतून कडी. जूनपासून ती ज्या गोष्टीसाठी ह्या ओट्यावर येत होती ती गोष्ट तिला मागच्या दाराने मिळत होती, मागितली नसताना, आणि ती देणाऱ्याचं तोंड ओरबाडावंसं वाटत होतं. ह्या माणसाने सहा महिने तिला तपासलं होतं. मुलाखत चाललेलीच होती, इथे, गोणपाटावर, आणि ती पास झाली होती. फक्त कुठल्या जागेसाठी ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. नाही म्हणावं. उठावं, पदर झटकावा, हा पेला त्या गंधावर ओतावा, एस.टी.ला उभं राहावं. मग वापी. जयू, जरा दूध बघ. जयू, जरा बाळाला घे. तिने रूपेशकडे बघितलं. तो झाडांकडे बघत होता, पण त्याचे कान इकडे होते, आणि मान किंचित सैल झाली होती. एक जागा, एक उमेदवार. त्याला बरं वाटलं होतं. ते बघून जयमालाचं ठरलं. स्वतःच्या भल्यासाठी ती कदाचित नाहीच म्हणाली असती.

"खुर्ची लागेल," ती म्हणाली.

भाई हसले. "जमना, बेनला खुर्ची आण."

खुर्ची आली, लोखंडी, घडीची, कुठल्या तरी लग्नातून राहिलेली. जयमाला तिच्यावर बसली. वरून ढीग लहान दिसत होता आणि काळीचा भांग दिसत होता, मधोमध, उन्हाने करपलेला. काळी तिच्याकडे बघत होती, चेष्टा करावी की नाही याचा अंदाज घेत.

"मोठ्यांत मधला टाकलास," जयमाला म्हणाली. "काढ तो. आणि बोलत बसू नकोस."

काळीने चिकू काढला. मग हात लांब करून जयमालाचा पेला उचलला, सायीसकट मुंगी बोटाने बाजूला केली आणि गार चहा आपल्या पेल्यात ओतून घेतला. "टाकायचा कशाला," ती म्हणाली, कुणाला तरी.

घरी आई रडली, मग म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते, हात लावला की माणसं लक्षात ठेवतात. रिटायर व्हायच्या आदल्या आठवड्यात पार्सल ऑफिसात खिडकीपलीकडे मुलगी उभी, चिमणभाईंचा माल घेऊन, तेव्हा अण्णांनी खोक्यांवरचे बाण तपासले आणि सही केली. ललितने वापीहून निरोप धाडला की बायकोचे दिवस भरत आले आहेत, अडाणीपणा करू नकोस म्हणावं. जयमालाने पंपाच्या खोलीला स्वतः कडी बसवली. संध्याकाळी पंप सुरू झाला की ती कडी बारीक आवाजात वाजत राही, आणि जयमाला तळहात तेलाने चोळत, तो आवाज ऐकत, एकेका माणसाची आठवण काढून त्याला मनात शिव्या देई, जपाला बसल्यासारखी. त्यात भाई असत, जमनाबेन असे, आई असे. रूपेशचा नंबर रोज यायचा.

जानेवारीत तो परत आला. बुटांना पॉलिश. रुमाल काढून बाकावर पसरला आणि बसला. कौलाचा तुकडा निसटला होता, बाक त्याच्यासकट एका अंगाला कलला. त्याने तोल सावरला, पण उठला नाही.

"आज भेटणार नाहीत," जयमाला खुर्चीवरून म्हणाली.

"का?"

"ते मला माहीत नाही."

"आत झोपाळा वाजतोय."

"वाजू दे."

काळीने दोघांकडे बघितलं आणि खाली मान घालून पुसायला लागली. झोपाळ्याच्या कड्या लयीत कुरकुरत होत्या. मध्येच भाईंचा खाकरण्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. रूपेशने हात गुडघ्यांवर ठेवले.

"मी बसतो," तो म्हणाला.

"बसा. बसायला कोण नको म्हणतंय."

गणपतीच्या सुट्टीआधी झालेल्या घटक चाचणीत तलासरीच्या त्या शाळेत पाचवीच्या सगळ्या वर्गाने हिंदीचा पेपर कोरा दिला होता; जूनपासून त्यांना हिंदी शिकवायला कुणी आलं नव्हतं, आणि जानेवारीतही ती जागा रिकामीच होती.